एक गप्पुं चाले, बे ना चाले

कडुलिंबाला फुलोरा आला की बडोद्यात परीक्षा सुरू होतात. दोन्ही बरोबरच येतात, त्यामुळे त्या बारीक पांढऱ्या फुलांचा कडसर गोड वास मला अजून कोऱ्या उत्तरपत्रिकांचा वास वाटतो. सकाळी रस्त्यावर फुलांचा सडा पडलेला असतो. मुलं त्यावरून चपला फरफटत, सूत्रं पुटपुटत शाळेत येतात. एखादी आई फाटकापाशी वाटीतलं दही-साखर चमच्याने मुलाच्या तोंडात घालते आणि मुलगा कुणी बघत तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहतो. चमचा वाटीच्या काठाला लागून आवाज होतो. त्या आवाजाला मी अजून दचकते.

यंदा सराव परीक्षेचे पेपर मी तपासायला घरी आणले होते. हरणीला, विमानतळाच्या अलीकडच्या एका सोसायटीत मी राहते. माघात आई गेली. तेव्हापासून एकटीच. एका मुलीने लिहिलं होतं, ‘अवकाशात अतिशय थंडी असल्यामुळे एंजिन बंद पडताच यान ताबडतोब गोठून जाईल.’ अक्षर सुरेख, खाली पट्टीने मारलेली रेघ. मी लाल पेन उचललं आणि तसंच धरून बसले. डोक्यावरून एक विमान उतरायला गेलं, तावदानं थरथरली आणि थांबली. हीच चूक मी केली होती. एमएस्सीला असताना, भौतिकशास्त्र घेऊन, चारचौघांत आणि ठासून. ती ज्याने दाखवून दिली तो माझा धाकटा भाऊ मुकुंद तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होता. त्यानंतर त्याला फार वर्षं मिळाली नाहीत.

आम्ही तेव्हा दांडिया बाजाराच्या आतल्या गल्लीत, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. वर अगाशी, म्हणजे गच्ची होती, सगळ्या बिऱ्हाडांची मिळून. नव्वदीची ती मधली वर्षं. अगाश्यांवर केबलवाल्यांच्या छत्र्या नुकत्या उगवल्या होत्या, गल्लीच्या तोंडाशी फोनचं बूथ आलं होतं आणि जो तो आपल्या मुलाला कॉम्प्युटरच्या क्लासला घालत होता. उन्हाळ्यात दिवस कलला की आम्ही अगाशीवर पाणी मारायचो. तापलेल्या फरशीतून वाफ यायची. ती ओसरली की खाट टाकायची आणि यान निघायचं.

यान म्हणजे ती खाट. खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या, फासे नव्हते. मुकुंद कप्तान. खालच्या मजल्यावरचा परेश एंजिनियर. तो मुकुंदच्याच वयाचा, कॉमर्सला होता, वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. मी काय होते? मी बाकीचं सगळं होते. ते दोघं आपण काय करतो ते सांगायचे आणि मग काय झालं ते मी सांगायची. ग्रह, उल्का, अंतरं, गुरुत्वाकर्षण, सगळं माझ्याकडे. परेश म्हणायचा, “बेन म्हणजे ब्रह्मांड.” आई जिन्यातून हाक मारायची, “ब्रह्मांडाला म्हणावं, गवार निवडायची राहिली आहे.”

आमच्या घरात खोटं बोलायची सोय नव्हती. आजोबा संस्थानाच्या न्यायखात्यात होते, आणि त्यांच्या नावाखाली आमच्या दोन पिढ्या वळणात ठेवल्या गेल्या. शाळेला दांडी मारली तर मारली म्हणून सांगायचं, मग शिक्षा कमी. अशा घरातल्या मुलांनी खोट्याचा खेळ काढावा, आणि खेळताना त्या खोट्याला सुद्धा कायदा लावावा, हे आमच्याकडेच होऊ शकत होतं.

कायदा मुकुंदने केला. केबलवर तेव्हा अवकाशातल्या लढायांच्या मालिका लागत. त्यांत पोकळीत स्फोट होऊन दणदणाट व्हायचा, यानं चिमण्यांसारखी वळायची, आणि काही अडलं की कुणीतरी एक नवं किरण शोधून काढायचा. मुकुंद चिडायचा. “यांचं काहीच अडत नाही, मग मी बघू कशाला?” पण नुसत्या खऱ्या विज्ञानावर यान काढलं तर जवळच्या ताऱ्यापर्यंत जायलाच आयुष्यं जाणार. परेशने एका संध्याकाळी हिशेबच करायला नकार दिला. म्हणाला, “आ तो कंटाळो छे. माझा नातू पोचेल त्यापेक्षा मी आपला रावपुऱ्यात जाऊन शेव-उसळ खातो.”

मग ठरलं. एका सफरीत एक थाप चालेल. परेशच्या भाषेत गप्पुं. ते निघण्याआधी सगळ्यांसमोर जाहीर करायचं. मध्येच सुचलं म्हणून घुसवायचं नाही. आणि त्याची किंमत ठरवायची, कारण निसर्गात फुकट काही नसतं, तर थापेत तरी का असावं? बाकी सगळं पुस्तकातल्यासारखं खरं. परेशने ते दोन शब्दांत बसवलं, “एक गप्पुं चाले, बे ना चाले.”

हे राखायचं काम माझं. स्वयंपाकघरातली एक स्टीलची वाटी आणि चमचा माझ्या हातात असायचा. कुणी खऱ्याची हद्द ओलांडली की टणकन वाजवायची, आणि ते वाक्य रद्द. परेशचं यान एकदा वळताना ‘ब्रेक मारून’ थांबलं. टण. मुकुंद एकदा खिडकी उघडून डोकावला. टण. एकदा परेशने हात वर करून विचारलं, “बेन, बाहेर हवा नाही ना? मग तुमची वाटी वाजते कशी?” कप्तानाने गंभीरपणे निर्णय दिला की वाटी यानाच्या आत आहे. “ब्रह्मांड यानाच्या आत?” परेश म्हणाला. “त्याला गवार निवडायला जागा नको का,” मुकुंद म्हणाला.

आमचं गप्पुं होतं दुमड. कागद दुमडला की त्याची दोन टोकं जवळ येतात, तशी यानापुढची पोकळी दुमडायची आणि पलीकडे उतरायचं. कशी दुमडायची, ते विचारायचं नाही. थापेचा तो मानच असतो. पण किंमत मुकुंदने लावली. प्रत्येक दुमडीला यान तापेल. जितकी मोठी दुमड, तितकं जास्त.

“तापू दे की,” मी म्हटलं होतं. “बाहेर एवढी थंडी आहे. क्षणात निवेल. उलट गोठून जाल.”

मुकुंद खाली गेला आणि आमचा थर्मास घेऊन आला. झाकण उघडून त्यातला चहा माझ्या हातावर थोडा ओतला. चांगला कढत होता.

“सकाळी भरलाय,” तो म्हणाला. “दोन काचांच्या मध्ये काय असतं, ताई?”

पोकळी असते. एमएस्सीच्या मुलीला ते ठाऊक होतं, फक्त एका ठिकाणी ठाऊक होतं आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हतं. थंडी म्हणजे काही बाहेर साठवलेला बर्फ नव्हे. उष्णतेला न्यायला काहीतरी लागतं, वारा, पाणी, धातू, एखाद्याचा हात. पोकळीत नेणारं कुणी नाही. यान गोठणार नाही. ते स्वतःच्याच उष्णतेत शिजेल. परेशने माझ्या हातातून वाटी घेतली, माझ्याच डोक्यापाशी वाजवली आणि चहाचा उरलेला घोट पिऊन टाकला.

त्या दिवसापासून आमच्या खेळाला खरा रंग चढला. आता एका थापेमागे किती खरं उभं करावं लागतं ते कळायला लागलं. परेशने स्कूटरच्या एंजिनाला असतात तशा पट्ट्या यानाला लावल्या. पण स्कूटरला वारा लागतो, यानाला नाही, म्हणून त्या पट्ट्यांचे पंख झाले, मैलोन् मैल पसरलेले, काळे. त्यातून उष्णता केवळ प्रकाशासारखी निघून जाणार, दिसेल न दिसेल अशी, सावकाश. दुमडीनंतर यानातल्या लोकांनी पंख पसरून, हालचाल न करता, निवायची वाट पाहत पडून राहायचं. परेश मात्र पडल्या पडल्या ओरडायचा, “कप्तान, एंजिन गरम थई गयुं छे. चा मूकी दऊं उपर?” म्हणजे तापलंच आहे, तर त्यावर चहा तरी ठेवतो.

आता वाटतं, कल्पित विज्ञान चांगलं की वाईट हे त्यातली थाप केवढी यावर नसतंच. आभाळाएवढी थाप माणूस खुशाल मानतो, जर तिच्या शेजारी कढत चहा खरा असेल. आणि थाप कितीही लहान असली तरी ती ऐनवेळी, अडचणीच्या जागी नेमकी बसेल अशी आणली की मन तिथून उठून जातं. हे मला त्या अगाशीवर कळलं, पण फक्त खेळापुरतं.

मुकुंद दुसऱ्या वर्षाला होता. होळी झाली आणि त्याला ताप आला. उतरला, पुन्हा आला. परीक्षेचा ताण, ऊन लागलं, बाहेरचं खाल्लं, अशी कारणं घरात आळीपाळीने झाली. मग त्याच्या दंडावर निळे डाग दिसले, खाटेच्या काठाला हात टेकल्याने पडावेत तसे. रक्त तपासलं. पुन्हा तपासलं. एका दुपारी डॉक्टरांनी बाबांना आणि मला आतल्या खोलीत बसवून सांगितलं. कूलरचा आवाज मोठा होता, त्यामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा बाबांनी मान खाली घातली होती.

जिन्यात बाबा थांबले. “त्याला टायफॉइड उलटलाय,” ते म्हणाले. “असंच सांगायचं. आईला पण असंच.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. आजोबांच्या तसबिरीखाली वाढलेला हा माणूस. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द एकेक ठेवत बोलला, जड सामान उतरवावं तसे. तेव्हा घराघरात हीच रीत होती. आजाऱ्याला आजाराचं नाव सांगायचं नाही. नाव घेतलं की ते येऊन बसतं, असं काहीसं. सुशिक्षितांतही होती. माझ्या मते सुशिक्षितांत जास्त.

बाबांचं टायफॉइड मात्र आमच्या कायद्यात बसणारं नव्हतं. ते वेळ पडेल तसं वाढत गेलं. टायफॉइडला रक्त का चढवायचं? तर अशक्तपणा. केस का गळले? औषध कडक. अहमदाबादला का न्यायचं? तिथली मशीन नवी. प्रत्येक प्रश्नाला एक नवं किरण. मुकुंद सगळं ऐकून घ्यायचा. परीक्षेचे दिवस आले आणि गेले. आमच्या गल्लीतून मुलं पॅडला क्लिप लावून जात होती, आणि तो खिडकीशी उशीला टेकून त्यांना बघत होता. एकाने खालून विचारलं, “मुकुंदभाई, पेपर नथी?” त्याने हात हलवून सांगितलं, पुढच्या वर्षी.

अहमदाबादहून परत आल्यावर अगाशी चढणं त्याला जमेना. मग यान घरात आलं, त्याच्या पलंगावर. वैशाख चालू होता. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर आई पाणी शिंपडायची, खोलीत ओला मातकट गारवा असायचा. थर्मास उशाशी होता, आता त्यात उकळून गार केलेलं पाणी असायचं. परेश रोज यायचा. सुरुवातीला विनोद करायचा. नंतर येऊन नुसता पायांशी बसायचा.

अशाच एका दुपारी, परेश यायच्या आधी, मुकुंद म्हणाला, “ताई, बाबांनी गप्पुं आधी जाहीर केलं नाही.”

मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली. ती नीटच होती.

“आणि एकावर थांबले पण नाहीत,” तो म्हणाला. “हरकत नाही. त्यांना खेळता येत नाही. तू वाटी घे.”

मी स्वयंपाकघरातून वाटी-चमचा आणला. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, तिने वळून पाहिलं नाही.

“यानाची स्थिती सांगतो,” मुकुंद म्हणाला. कप्तानाचा आवाज त्याने लावला होता, तो अर्ध्यातच बसला. “शेवटची दुमड मोठी झाली. एका बाजूचे पंख तुटले आहेत. आत तापमान वाढतंय. आम्ही कमी हलतो, कमी बोलतो. जिथे जायचं तो ग्रह दिसतोय, पण तिथे पोचायला अजून एक दुमड लागेल. ब्रह्मांडाला विचारायचं आहे, जितकं तापतंय तितकं बाहेर जाईल का?”

तो माझ्याकडे पाहत होता. मी आजवर त्याला कधी उत्तर अडवलं नव्हतं. गणित चुकलं तर चुकलं सांगायची, यान फुटलं तर फुटलं. त्या खोलीत आता सगळेच जण त्याला दुसरंच काही सांगत होते, आणि तो माझ्याकडे आला होता, कारण माझ्या हातात वाटी होती.

“नाही,” मी म्हटलं. “तितकं जाणार नाही.”

“औषधपाणी केलं तरी?”

“वेळ मिळेल. तितकं जाणार नाही.”

त्याने डोळे मिटले. मला वाटलं मी चूक केली. मग त्याने चाचपून माझा हात धरला. त्याचा तळवा कोरडा आणि तापलेला होता, उन्हातल्या खाटेच्या पाइपासारखा. “बरं झालं,” तो म्हणाला. “मी एकटाच होतो आतापर्यंत त्या यानात.” आणि थोड्या वेळाने, “आईला कळू द्यायचं नाही हं. तिला टायफॉइडच राहू दे.”

संध्याकाळी परेश आला, तेव्हा त्यालाही मुकुंदने यानाची स्थिती सांगितली, त्याच शब्दांत. परेश कॉमर्सचा असला तरी त्याला सगळं समजलं. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला.

“बेन, बीजुं गप्पुं आपी दो ने,” तो म्हणाला. दुसरी थाप द्या ना. “एक पेटी. उष्णता आत टाकली की गायब. हुं बनावी दऊं. मी एंजिनियर आहे ना यानाचा?”

मी काही बोलायच्या आत मुकुंद म्हणाला, “परेशिया, मग आपण इतके दिवस पंख कशाला पसरले?”

“तर एक वार. कोने खबर पडवानी छे?” कुणाला कळणार आहे, असं तो विचारत होता.

“मला कळेल,” मुकुंद म्हणाला. “आपलं यान खरं वाटतं ते याच्यामुळेच. तू पेटी आणलीस की खाट उरेल नुसती.” मग तो हसला, ओठ चिरलेले होते म्हणून बेताने. “एक गप्पुं चाले. तूच म्हणाला होतास ना?”

परेश खाली मान घालून बसला. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाला, “बेन, आमचाच नियम आणि आम्हालाच मारतो.” तो मोठा झाल्यावर वडिलांचं दुकान त्याने चालवलं, शोरूम केलं. रस्त्यात भेटला तर अजून बेन म्हणतो.

त्यानंतर यान कमी चाललं. मुकुंद पंख पसरून पडून राहायचा. कधी मला विचारायचा, आता बाहेर काय दिसतंय? आणि मी खरं तेच सांगायची. तारे लुकलुकत नाहीत, कारण हवा नाही. आकाश निळं नाही. आवाज नाही. खाली दांडिया बाजारात कुणाची तरी वरात चाललेली असायची, लग्नसराई होती, बँडवाले घामाघूम होऊन वाजवत असायचे. “आवाज नाही,” मी सांगायची, आणि तो मान हलवायचा.

ज्येष्ठ लागला होता. दुपार कलली होती. बाबा औषधं आणायला गेले होते. मी पलंगाशी होते, हातात वाटी होती, नुसती सवयीने. आई आत आली. ती आमच्या खेळात कधी येत नसे. दारातून गवारीसाठी, नाहीतर दळणासाठी हाक मारण्यापलीकडे तिने कधी चौकशी केली नव्हती. ती आली, पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाली,

“काय रे, पोचले का तुमचे लोक?”

मुकुंदने माझ्याकडे पाहिलं नाही. तो आईकडेच पाहत होता.

“पोचले, आई,” तो म्हणाला. “सकाळीच.”

“तापलं होतं ना फार?”

“निवलं. एक नवीन तऱ्हा सापडली. पेटी आहे. उष्णता आत टाकली की गायब होते.” तो एकेक शब्द ठेवत बोलत होता. मला जिन्यातले बाबा आठवले. “तिथे झाडं आहेत. वारा आहे. आता सगळे झोपलेत.”

चमचा माझ्या बोटांत होता. हे दुसरं गप्पुं होतं, न जाहीर केलेलं, ऐनवेळी आणलेलं, किंमत न लावलेलं. ज्याने परेशला एक पेटी दिली नव्हती त्याने ती आईला दिली होती. मी चमचा धरून बसले.

आईने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. “दे इकडे,” ती म्हणाली, “त्याला पेज आणते.” चमचाही घेतला. आणि खरंच पेज आणली, त्याच वाटीतून, आणि त्याच चमच्याने त्याला भरवली. दोन-तीन घास गेले. चमचा काठाला लागणार नाही अशी ती भरवत होती.

तो गेला त्याच आठवड्यात, सकाळी, खाली दूधवाला आला असताना. आई उंबऱ्याशी गेली, दूध घेतलं, ते गॅसवर ठेवलं, आणि मग खाली बसली. पुढच्या गोष्टी सगळ्यांच्या घरी होतात तशाच झाल्या.

वर्षं गेली. बाबा गेले. दांडिया बाजारातलं घर सोडून आम्ही दोघी हरणीला आलो. तिथे शेजारी मराठी कुणी नव्हतं, आईचं मराठी माझ्यापुरतं उरलं. भाजीवाल्याशी, कामवालीशी गुजरातीत बोलून ती घरात यायची आणि चप्पल काढावी तशी भाषा काढायची. मुकुंदबद्दल आम्ही बोलत नव्हतो. त्याचं नाव यायचं, पण श्राद्धाच्या दिवशी, नाहीतर रेशनकार्डावरून. त्या दुपारबद्दल तर कधीच नाही. मला वाटायचं, एकीला तरी ते यान पोचलेलं आहे, तिचं ते तसंच राहू द्यावं.

गेल्या वर्षीचा हाच मोसम. परीक्षांचे दिवस. आई थकली होती, बहुतेक वेळ गॅलरीतल्या खुर्चीत बसायची. मी तिला कपात चहा दिला. समोरच्या कडुलिंबाखालून मुलं चालली होती.

“तू वाजवशील असं वाटलं मला,” ती म्हणाली.

कशाबद्दल, हे मी विचारलं नाही.

“तू नियमाची पक्की. तुझ्या हातात चमचा होता. म्हटलं, ही आता वाजवते. म्हणून वाटी काढून घेतली.”

“मी वाजवणार नव्हते, आई.”

“मला कुठे ठाऊक.” तिने चहाचा घोट घेतला. “ते दुसरं होतं ना? एकच चालायचं तुमचं.”

“तुला सगळं माहीत होतं?”

“घर केवढं आपलं,” ती म्हणाली. “ओट्याशी सगळं ऐकू यायचं. तू त्याला नाही म्हणालीस, ते पण आलं. टायफॉइडला कुणी अहमदाबादला नेतं का गं? तुझ्या बाबांना वाटलं मला कळलं नाही, मुकुंदला वाटलं मला कळलं नाही. म्हटलं, वाटू दे. तेवढंच होतं मला त्यांना देण्यासारखं.”

म्हणजे त्या खोलीत आजाराबाबत फसलेलं असं कुणीच नव्हतं. बाबांनी त्याच्यासाठी, त्याने आईसाठी, आईने दोघांसाठी खोटं राखलं होतं, आणि खरं फक्त मी एकदा बोलले होते, तेही अवकाशातल्या तापमानाबद्दल. आमच्या न्यायखात्यातल्या घराण्याची ही एवढीच खोटी साक्ष. इतकी वर्षं ती कुणी उलटली नाही.

खाली एक आई मुलाला दही-साखर भरवत होती, आणि आम्ही दोघी ते बघत होतो. मुलगा गेला. ती रिकामी वाटी घेऊन तशीच उभी राहिली.

“मी तेव्हापासून विचारीन म्हणत होते,” आई म्हणाली. “त्या पोकळीतून खरंच जात नाही का गं उष्णता? कधीच?”

मी वर्गात हे दरवर्षी शिकवते. पण उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण ते खरंच असायला हवं होतं.

“जाते, आई. नेणारं कुणी नसलं तरी जाते. वस्तू तापलेली असली की तिच्यातून आपोआप जात राहते. फक्त फार सावकाश.”

“किती?”

“यान केवढं आहे त्यावर. जितकं मोठं, तितका वेळ जास्त.”

ती त्या झाडाकडे बघत राहिली. फुलोरा गळत होता, वारा नसतानाही.

“मोठं होतं,” ती म्हणाली, आणि कप माझ्याकडे दिला.